आजेसासू आणि तीन पूर

पुरानं घर नेलं की माणूस पुढचं घर उंचावर बांधतो, अशी माझी समजूत होती. आमच्या गोदाकाठी लोक तेवढं करतात. निदान करायचं ठरवतात तरी. माझ्या आजेसासूनं मात्र समुद्रसपाटीखालचं आपलं बेट पाण्याखाली गेल्यावर अटलांटिक ओलांडला, जवळपास एक कोटी चौरस किलोमीटरच्या कॅनडात पाऊल ठेवलं, आणि एवढ्या अफाट देशात नेमकी नदीच्या पातळीखालची जमीन हुडकून तिथं बिऱ्हाड थाटलं. असं का, म्हणून विचारलं की म्हणायची, "जमीन चांगली होती. शिवाय पंप होता."

आजेसासू म्हणजे माझ्या बायकोच्या आईची आई. सगळे तिला ओमा म्हणत, म्हणजे डच भाषेत आजी. सासरच्या नात्यानं मी तिला अहोजाहो करायला हवं, आणि तोंडावर करायचोही. पण मागं सगळ्या आज्यांचं होतं तेच होतं, 'त्या'ची 'ती' झाली. जन्म १९१६, मृत्यू २०१८. मधल्या काळात तिनं कांदे पिकवले, सात मुलं वाढवली आणि परमेश्वराच्या कारभारावर बारीक लक्ष ठेवलं.

तिची ती जमीन टोरांटोच्या उत्तरेला, हायवे ४०० वरून तासाभराच्या अंतरावर आहे. नाव हॉलंड मार्श. सातेक हजार एकरांची दलदल. १९२५ ते १९३० च्या दरम्यान तिच्याभोवती कालवा खणून, बांध घालून, पंपानं पाणी उपसून कोरडी केलेली. माती काजळासारखी काळी. १९३४ मध्ये पहिली डच कुटुंबं इथं आली, पण हॉलंड हे नाव त्यांच्यामुळे पडलेलं नाही. ते सॅम्युअल हॉलंड या अठराव्या शतकातल्या सर्व्हेअर जनरलचं नाव. आता हा गृहस्थही जन्मानं डचच निघावा, याला तुम्ही-आम्ही योगायोग म्हणू. ओमा म्हणत नसे. ती कॅल्विनच्या पंथातली. १६१८-१९ मध्ये डॉर्ड्रेख्तला जमलेल्या धर्मसभेनं कोण तरणार हे देवानं सृष्टीच्या आधीच ठरवलंय असा निकाल दिला, आणि आमच्या ओमानं तो शेवटपर्यंत अपिलात जाऊ दिला नाही.

मी एकदा शहाणपणा केला. जोराचा पाऊस झाला की नव्वदी उलटलेली ओमा नातवाला गाडी काढायला लावायची आणि कालव्याच्या बांधावर जाऊन काठीनं माती टोचून बघायची. मी म्हटलं, "ओमा, सगळं आधीच ठरलंय ना? मग बांध कशाला तपासायचा?"

तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बांध कोण तपासणार, हेही ठरलेलंच आहे," म्हणाली, आणि काठी माझ्या हातात दिली.

या बाईचं आणि पाण्याचं काय वैर होतं ते आता सांगायला हवं. ती नेदरलँड्सच्या झेलंड प्रांतातली, स्खाउवन-डाउवलंड नावाच्या बेटावरची. १९४४ च्या सुरुवातीला जर्मन सैन्यानं शत्रूला उतरता येऊ नये म्हणून बेटाचा मोठा भाग मुद्दाम पाण्याखाली घातला आणि माणसांना बाहेर काढलं. हा पहिला पूर. युद्ध संपल्यावर परत येऊन, जमिनीतलं मीठ निघायची वाट बघत शेत पुन्हा उभं केलं, तर १९५३ साली ३१ जानेवारीच्या शनिवारी रात्री उत्तर समुद्र बांध फोडून आत आला. त्या पुरात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. ओमा, ओपा म्हणजे तिचा नवरा, आणि मुलं एका शेजाऱ्याच्या माळ्यावर बसून वाचली. बेटाचं शेवटचं भगदाड बुजायला नोव्हेंबर उजाडला.

या पुरानंतर काही धर्मोपदेशकांनी ही देवाची शिक्षा आहे असं व्यासपीठावरून सांगितलं. शिवाय रात्र शनिवारची आणि पहाट रविवारची, म्हणजे मुहूर्तही प्रभूच्याच दिवसाचा. ओमानं ते निमूटपणे ऐकून घेतलं. पुढं साठ वर्षांनी आम्हाला सांगताना म्हणाली, "पाप तर होतंच. पण बांधही कच्चा होता." तिच्या सगळ्या धर्मशास्त्राचं हेच मूळ वाक्य असावं असं मला वाटतं, आणि यातला दुसरा भाग कुठल्याही डॉमिनीनं, म्हणजे त्यांच्या पाद्र्यानं, तिला शिकवलेला नव्हता.

१९५४ च्या वसंतात कुटुंब जहाजानं निघालं. जहाजाचं नाव 'वॉटरमन'. युद्धकाळात बांधलेलं मालवाहू जहाज, नंतर त्यात खाटा ठोकून स्थलांतरितांसाठी वापरलेलं. नाव कुंभ राशीवरून ठेवलेलं, पण पुरातून उठून आलेल्या माणसांना घेऊन जाणाऱ्या बोटीवर पाण्याचंच नाव रंगवायचं म्हणजे जरा कमालच. बरोबर 'किस्ट' होती. किस्ट म्हणजे अख्खा संसार मावेल असा लाकडी खोका. देशाबाहेर पैसे नेण्यावर बंधनं होती, म्हणून लोक असतील ते पैसे वस्तूंत घालायचे आणि वस्तू किस्टमध्ये. ओमाच्या किस्टमधून पलंग, शिवणयंत्र, सायकली आणि एक हार्मोनियम निघाला. हार्मोनियम म्हणजे आपल्या पेटीचा थोरला, पायानं भाता मारायचा भाऊ. रिकामी झालेली किस्ट मार्शवरच्या भाड्याच्या घरामागं ठेवून तिनं त्यात कोंबड्या पाळल्या.

त्याच वर्षी १५ ऑक्टोबरच्या शुक्रवारी हेझल नावाचं चक्रीवादळ ऑन्टॅरिओवर येऊन आदळलं. मार्शचे बांध फुटले, सगळं खोरं तळं झालं, लोकांनी हायवेचा उंचवटा गाठला. काही घरं पायावरून सुटून बोटींसारखी तरंगत गेली. काढून ठेवलेले कांदे आणि गाजरं पाण्यावर पसरली. ओमाची किस्ट कोंबड्यांसकट निघाली आणि पलीकडच्या एका शेतात जाऊन टेकली. कोंबड्या शाबूत, एक अंडंसुद्धा. हे अंडं सांगताना ओमाच्या आवाजात जी भक्ती यायची, ती मोठमोठ्या चमत्कारांच्या वेळी यायची नाही. ओपाचा मात्र धीर सुटला. परत जाऊ म्हणाला. ओमानं विचारलं, "तिकिटाला पैसे आहेत?" नव्हते. प्रश्न मिटला.

तिसऱ्या पुरानंतर तिची खात्री झाली की आपला कोटा संपला. हा हिशेब तिनं मनानं केलेला नव्हता. १५६३ साली हायडेलबर्गमध्ये तयार झालेली प्रश्नोत्तरी तिच्या पंथात वर्षभर चालते. १२९ प्रश्न, आणि ते बावन्न रविवारांत वाटून दिलेले, म्हणजे दुपारच्या उपासनेत दर आठवड्याला एक हप्ता. ओमाला ते सगळे डच भाषेत तोंडपाठ. पहिला रविवार प्रस्तावनेचा. मग माणसाच्या दुर्दशेला तीन रविवार, सुटकेला सत्तावीस आणि कृतज्ञतेला एकवीस. "बघ," ती बोटं पुढं करून दाखवायची, "दुर्दशा तीनच. माझे तीन झाले." उरलेलं आयुष्य सुटका आणि कृतज्ञता यांच्यासाठी मोकळं. त्यानंतर तिनं ओपाला पुरलं, दोन मुलं पुरली, एका डोळ्याची दृष्टी गेली. पण हे सगळं तिनं दुर्दशेच्या खात्यात कधी टाकलं नाही. ते खातं १९५४ मध्येच बंद झालेलं होतं.

मी या घरात आलो २००३ साली. मी निफाड तालुक्यातला, घरी कांद्याची शेती, टोरांटोला नोकरीसाठी आलेलो. पहिल्या भेटीत ओमानं कॉफी दिली, बिस्किटांचा डबा उघडला, मी एक घेतलं आणि डबा टक्कन बंद झाला. डच घरात हे रीतीला धरून असतं; मला ते नंतर कळलं, तेव्हा मी फक्त दचकलो. मग प्रश्न सुरू झाले. चर्च कुठलं? कुठलंच नाही, म्हटलं, आई माळकरी आहे. म्हणजे काय? मी वारी समजावून सांगितली: त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी निघते, लोक पंढरपूरपर्यंत चालत जातात.

"चालत?" ओमा खुर्चीत पुढं सरकली. "गाडी का नाही?"

"चालतच जायचं असतं. गात गात."

"काय गातात?"

"अभंग. म्हणजे तुमच्या स्तोत्रांसारखंच."

हे तिला आवडलं. जेवणाचा खर्च कोण करतं हेही तिनं विचारून घेतलं आणि गावोगावचे लोक जेवू घालतात हे ऐकून मान डोलावली. सगळं सुरळीत चाललं होतं. मग तिनं विचारलं, "रविवारी थांबत असतील?"

"नाही. रविवारीही चालतात."

ओमानं कप बशीत ठेवला. खोलीत कुणी काही बोलेना. शेवटी तिनंच विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हटलं, "कांदा." बस. बिस्किटांचा डबा दुसऱ्यांदा उघडला. माझी बायको अजून सांगते की तिच्या आठवणीत पाहुण्यासाठी हे पहिल्यांदाच घडलं.

पण मला घरात घेतल्याचा दाखला मिळाला तो वेगळ्याच ठिकाणी. डच लोक वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगतात. त्यावर वार नसतात, फक्त तारखा, त्यामुळे ते जन्मभर चालतं आणि नवं आणावं लागत नाही. जागा अशी निवडलेली की घरातल्या प्रत्येकाच्या नजरेखाली रोज जावं. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तर बसल्या जागी समोर माझं नाव, ओमाच्या तिरप्या अक्षरात, एका नातवाच्या आणि गावातल्या दंतवैद्याच्या मध्ये. मी निफाडला फोन करून आईला सांगितलं की ओमानं माझं नाव भिंतीवर लावलंय. कुठल्या भिंतीवर, ते सांगितलं नाही.

या कॅलेंडरवर माणूस गेला तरी नाव खोडत नसत. पुढं बारीकसा क्रूस काढत. ओमा जगत राहिली तसे क्रूस वाढत गेले. शेवटी शेवटी मार्च महिना एखाद्या दफनभूमीच्या नकाशासारखा दिसायला लागला होता. तरी गेलेल्यांच्या वाढदिवशीही ती सकाळी कॉफीबरोबर केकचा एक तुकडा खायची. "तो नाही म्हणून केक का सोडायचा?"

रविवार तिथं कडक होता. बटाटे शनिवारी सोलून पाण्यात ठेवायचे. खरेदी नाही, शिवण नाही, सायकल नाही. कांदा काढणीच्या दिवसांत शनिवारी रात्री बाराला ट्रॅक्टर थांबायचा, मग रविवारी पाऊस येवो की काही होवो. दोनदा उपासना. स्तोत्रं इतक्या संथ लयीत की एका ओळीत माझा एक श्वास संपून दुसरा निम्म्यावर यायचा. उपदेश तीन मुद्द्यांचा, आणि प्रत्येक मुद्द्याच्या सुरुवातीला ओमाच्या पर्समधून एक पेपरमिंट बाकावर डावीकडून उजवीकडे सरकत यायचं. पेपरमिंट विल्हेल्मिनाच, डोक्कुम गावच्या कारखान्यातलं, १८९२ पासूनचं, वर विल्हेल्मिना राणीचा मुखडा उठवलेला. तीन मुद्दे, तीन पेपरमिंट. चौथा मुद्दा काढणारा पाद्री ओमाच्या लेखी उधळ्या.

पेपरमिंट ठीक. पण घरी 'ड्रॉप' असायचं, काळी खारट गोळी. पहिल्यांदा तोंडात टाकली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, आणि ओमा टक लावून बघत असल्यामुळे मी ती गिळली. पुढं पाकीट वाचलं. मूळ पदार्थ ज्येष्ठमध, इथपर्यंत आपण ओळखतो. खारटपणा अमोनियम क्लोराइडचा. म्हणजे नवसागर! आमच्याकडे नवसागर आणि काळा गूळ एकत्र आणायला गेलं की दुकानदार इकडंतिकडं बघतो. आणि इथं ही चर्चची सर्वांत ज्येष्ठ सभासद तो मूठभर पोराबाळांना वाटत होती.

दारूच्या बाबतीत तिचं धोरण असंच होतं. नवीन वर्षाला आडव्होकाट, म्हणजे अंडी आणि ब्रँडीचं घट्ट पिवळं मिश्रण, वर साय. ते चमच्यानं खायचं असतं, आणि चमच्यानं खाल्लेलं पिण्यात मोजत नाहीत. पत्त्यांचंही तसंच. अमेरिकेतल्या त्यांच्या पंथसभेनं १९२८ साली नाटक-सिनेमा, नाच आणि पत्ते यांपासून सावध राहायला बजावलं होतं, आणि ओमानं पत्त्यांना आयुष्यात हात लावला नाही. ती रूक खेळायची. रूकच्या डावात राजा-राणी-गुलाम नसतात, नुसते आकडे आणि कावळ्याच्या जातीचा एक पक्षी असतो. सोवळ्या ख्रिस्ती घरांना चालावा असाच तो खेळ. त्यात ती इतक्या निर्दयपणे खेळायची की तिच्या जोडीला बसायचा प्रसंग आला की जावई मंडळी जनावरांना पाणी पाजायला निघून जात.

एका उन्हाळ्यात माझे वडील, आण्णा, कॅनडाला आले. ओमाला मराठी येत नव्हती, आण्णांना ना डच ना इंग्रजी. मी दुभाषा म्हणून मध्ये उभा राहिलो, पण माझी गरजच पडली नाही. दोघं शेताच्या कडेनं गेले. कांद्याच्या माना पडायला लागल्या होत्या. आण्णांनी वाकून एक कांदा उपटला, अंगठ्यानं त्याची मान दाबून पाहिली. ओमानं त्यांच्या हातातून तोच कांदा घेतला आणि त्याच जागी अंगठा दाबला. दोघांनी एकाच वेळी नकारार्थी मान हलवली: अजून ओला आहे. मग आण्णांनी मोठा पंखा लावलेली बंदिस्त साठवणीची खोली पाहिली, ओमानं मोबाइलवर आमची कांदाचाळ पाहिली आणि वीजबिल किती येतं ते मला विचारायला लावलं. शून्य म्हटल्यावर ती फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. परतताना आण्णा गाडीत म्हणाले, "बाईला कांदा कळतो." लासलगावच्या लिलावात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचं हे मत, त्यांनी असं माझ्याविषयी कधी म्हटलेलं नाही.

ओमाच्या कुठल्याही बेताच्या पुढं 'डी. व्ही.' असायचं. लॅटिनमधली दोन आद्याक्षरं: देवाची इच्छा असेल तर. पत्रात, निमंत्रणात, कॅलेंडरवर. सोमवारी कांदा काढणी, डी. व्ही. गुरुवारी दंतवैद्य, डी. व्ही. याच तत्त्वानं ती विम्याच्या विरुद्ध होती. विमा म्हणजे देवावर अविश्वास. पिकाचा नाही, घराचा नाही, आयुष्याचा तर नाहीच. गाडीचा काढायची, कारण तो कायदा आहे आणि कैसराचं कैसराला द्यायला सांगितलेलंच आहे. पण १९८६ साली ओपा गेला, तेव्हा त्याच्या अंत्यविधीचं बिल बघून ती दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात गेली आणि स्वतःच्या अंत्यविधीचे पैसे आगाऊ भरून आली, दर कायमचा बांधून. हा विमा नव्हे का, असं मुलांनी विचारलं. "छे. मरण नक्की आहे. नक्की लागणारी वस्तू स्वस्त असताना घेऊन ठेवली." वय तेव्हा सत्तर.

तिथून पुढची बत्तीस वर्षं ती तयार होती. एक फाइल होती: कुठली स्तोत्रं, किती कडवी, कॉफीबरोबर हॅम घातलेले पाव माणशी दोन, आणि प्रवचन कोण करणार त्या डॉमिनीचं नाव. तो डॉमिनी वारला. दुसरा लिहिला; तोही वारला. तिसरा निवृत्त होऊन ब्रिटिश कोलंबियात जाऊन राहिला, तेव्हा विमानभाड्याच्या विचारानं तिनं नाव खोडून नुसतं लिहिलं, 'जो असेल तो'. २०१६ मध्ये शंभरी झाली, तेव्हा राणी एलिझाबेथचा अभिनंदनाचा संदेश आला. ओमानं सही छापील आहे का ते बोट ओलं करून तपासलं. मग म्हणाली, "दहा वर्षांनी लहान आहे माझ्यापेक्षा. अजून कामावर जाते. चांगलं आहे."

ती गेली एका सोमवारी पहाटे. रविवारी गेली असती तर कुणाला तरी काम पडलं असतं. फाइलप्रमाणे सगळं झालं. दुकानदाराला १९८६ च्या दरात २०१८ चा अंत्यविधी करावा लागला. त्यानं करारावरची तारीख दोनदा वाचली आणि ओमाकडे, म्हणजे पेटीकडे, अशा नजरेनं पाहिलं की मला त्याला एक पेपरमिंट द्यावंसं वाटलं.

पण नफा पुरता टिकला नाही. ओपाचा दगड करून घेतला त्याच फेरीत ओमानं स्वतःचं नावही कोरून घेतलं होतं, पेट्रोल आणि मजुरी वाचावी म्हणून. पुढं जन्मसाल १९१६, मग रेघ, आणि मग 'आकड्यांचे पैसे आत्ताच होऊन जाऊ देत' म्हणून १९. शेवटचे दोन आकडे तेवढे राहिले होते. १ जानेवारी २००० रोजी सकाळी ओमाला याची आठवण झाली आणि तिची कॉफी थंड झाली. ती कुणावर चिडली नाही. फक्त म्हणाली, "त्या दगडावर तेवढं डी. व्ही. घालायचं राहिलं."

पाथरवट मोजमाप घ्यायला आला, तेव्हा आम्ही सगळे दफनभूमीत उभे होतो. जुने दोन आकडे दगडाची पूड भरून बुजवायचे, घासून घ्यायचे, नवे चार कोरायचे. खर्चाचा आकडा सांगितल्यावर थोरल्या मामेसासऱ्यांनी शीळ घातली. पाथरवट म्हणाला, यंत्र आणणारच आहे, शेजारच्या दगडावर आणखी कुणाचं नाव टाकायचं असेल तर सवलतीत टाकून देतो.

त्र्याहत्तर वर्षांच्या माझ्या सासूबाईंनी पर्स उघडली, चष्मा काढला. "किती टक्के?"

"वीस."

"नाव आणि जन्मसाल. पुढं रेघ. आकडा एकही नको."

पाथरवटानं लिहून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मनात माझं नाव देवनागरीत मांडून बघत होतो. दर अक्षरामागे होता. मी विचारलं, जोडाक्षराचे पैसे एका अक्षराचे लावणार की दोन?